घरून काम करताना ऑफिस सुटतं कधी? एकेक पायरी करत घडी कशी बसवायची

घरून काम करणाऱ्याची गंमत अशी की घरच्यांना वाटतं ही काय, घरीच तर आहे, आणि ऑफिसला वाटतं हिचा लॅपटॉप काय, हाताशीच तर आहे. दोघांचंही तसं चूक नाही, पण मधल्या मध्ये आपण दोन्हीकडे थोडे थोडे आणि धड कुठेच नाही असं होऊन बसतं. पुण्यातल्या हिंजवडी आयटी पार्कच्या ट्रॅफिकला शिव्या घालण्यात आमची कित्येक वर्षं गेली, पण त्या प्रवासाने एक काम फुकटात करून दिलं होतं, बॅग घेऊन बाहेर पडलं की सगळ्यांना कळायचं ही कामाला गेली आणि दारात चपला काढल्या की कळायचं आली. माझं सरळ मत आहे की आत्ता ऑफिस भरलंय आणि आत्ता सुटलंय हे घरच्यांना, ऑफिसला आणि स्वतःला डोळ्यांना दिसेल असं करून ठेवलं की निम्मा प्रश्न सुटतो, आणि उरलेल्या निम्म्यासाठी तोंड उघडून बोलावं लागतं.

खालचं सगळं मी डोळ्यासमोर ठेवून लिहितेय ते टिपिकल आपलं घर: टू बीएचके नाहीतर वन बीएचके, घरात सासू-सासरे किंवा आई-बाबा, एखादं शाळेत जाणारं पोर, आणि क्लायंट अमेरिकेचा किंवा युकेचा. तुमचं वेगळं असेल तर लागू होईल तेवढं घ्या.

१. पहिला आठवडा काहीच बदलू नका, नुसतं लिहा

एक जुनी वही घ्या, अॅप नको, अॅप उघडायला फोन हातात घेतला की इन्स्टावर दहा मिनिटं गेलीच म्हणून समजा. रोज तीन गोष्टी लिहायच्या. सकाळी कामाचा पहिला मेसेज किती वाजता बघितला, रात्री शेवटचा किती वाजता बघितला, आणि मध्ये कोणी कशासाठी उठवलं. "कशासाठी" नक्की लिहा कारण खरी माहिती तिथे आहे.

आठवड्याने वही चाळलीत की कळेल तुमचं दुखणं कुठलं. काहींच्या घरात काम घुसतं, म्हणजे जेवताना टीम्सवर (ऑफिसचं चॅट अॅप) पिंग, रात्री अकराला "क्विक क्वेश्चन", रविवारी सकाळी मेल. काहींच्या कामात घर घुसतं, म्हणजे बेल, कुकर, बाबांचं औषध, इस्त्रीवाला, "तुझा लॅपटॉप मोकळा आहे का, प्रोजेक्टची प्रिंट काढायचीय". दोन्हींचे उपाय पूर्ण वेगळे आहेत. घर कामात घुसत असेल तर खालच्या २ ते ४ पायऱ्या आधी करा, काम घरात घुसत असेल तर पायरी ५ पासून सुरू करा. सगळं एकदम सोमवारपासून सुरू करायच्या भानगडीत पडू नका, शुक्रवारपर्यंत सगळं बारगळलेलं असतं.

२. जागा: कितीही छोटी चालेल पण ठरलेली पाहिजे

बेडवर बसून काम करणं पहिलं बंद. पाठीचं दुखणं तर होतंच, पण ज्या जागी झोपायचं तिथेच दिवसभर एस्कलेशन (वरपर्यंत गेलेल्या तक्रारी) बघितली की रात्री पडल्यावर डोक्यात तेच चालू राहतं.

टू बीएचके असेल तर बेडरूमचा एक कोपरा, दार लागतं तो. वन बीएचके असेल तर भिंतीला लागणारं फोल्डिंग टेबल घ्या आणि काम संपलं की ते खरंच दुमडून ठेवा, कपाटामागे सरकवा, दिसता कामा नये. डायनिंग टेबलवर काम करावंच लागत असेल तर एक ट्रे ठेवा, लॅपटॉप, चार्जर, हेडफोन, वही सगळं त्यात, आणि जेवायच्या आधी ट्रे उचलून कपाटात. खिडकी पाठीमागे नको, नाहीतर व्हिडिओत तुमचा चेहरा काळा दिसतो, समोर किंवा बाजूला असू दे. मागे शक्यतो भिंत असावी म्हणजे आंघोळ करून टॉवेलवर आलेले सासरे क्लायंटला दिसत नाहीत.

पैसे कशावर घालायचे? आधी खुर्ची. मग लॅपटॉप उंचावर ठेवायला स्टँड (पाच-सहा जाड पुस्तकंही चालतात) आणि वेगळा कीबोर्ड-माउस, म्हणजे स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या लेव्हलला येते आणि कोपर काटकोनात राहतात. मग माइकवाला हेडफोन, बाहेरचा आवाज कापणारा. आमच्याकडे वरच्या मजल्यावर कायम कोणाचं ना कोणाचं तरी फ्लोअरिंग चालू असतं, सोसायटीत राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

आणि राउटरला छोटा यूपीएस लावा. घरात इन्व्हर्टर नसेल तर हा नक्कीच, लाइट गेली तरी वायफाय चालू राहतं आणि लॅपटॉपला बॅटरी असतेच. पुण्यात असाल तर गुरुवारचं आधीच बघून ठेवा. पाण्याची आणि लाइटची दुरुस्तीची कामं बऱ्याचदा गुरुवारी काढतात, महावितरणचा मेसेज आदल्या दिवशी येतो तो वाचायची सवय लावा आणि त्या दिवशी महत्त्वाचा डेमो ठेवू नका. बादल्या भरायचं काम बुधवारी रात्रीच उरकायचं, गुरुवारी स्टँडअपच्या (टीमच्या रोजच्या छोट्या मीटिंगच्या) मध्ये नाही.

३. घरच्यांशी बसून बोला

हा भाग लोक टाळतात. मग चिडचिड साठते आणि कधीतरी कुकरच्या शिट्टीवरून स्फोट होतो.

"अगं तू घरीच आहेस ना, जरा बघ कोण आलंय," हे वाक्य बोलणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं. आमच्या सासूबाईंची उमेदीची सगळी वर्षं बँकेत काऊंटरवर गेली, त्यांच्या लेखी काम म्हणजे बाहेर जाऊन करायची गोष्ट, खोलीत बसून स्क्रीनकडे बघणारी सून काम करतेय की व्हिडिओ बघतेय हे त्यांना कळणार कसं? म्हणून रागाच्या भरात नाही, रविवारी दुपारच्या चहाला बसून सांगायचं. "आई, साडेदहा ते एक मी आत असते तेव्हा मी हिंजवडीला गेलेय असंच धरा. एक वाजता दार उघडलं की आधी तुमच्याकडेच येते." दुसरं वाक्य जास्त कामाचं आहे. मोठ्या माणसांना "नाही" एवढं लागत नाही, "मग कधी" हे माहीत नसलं की जास्त लागतं.

त्यानंतर फ्रिजवर एक कागद लावायचा. मोठ्या अक्षरात, मराठीत, फक्त वेळा. रोजच्या मीटिंगच्या वेळा खाली पेन्सिलने. आणि कॅमेरा चालू असल्याची खूण ठरवायची, आमच्याकडे दाराच्या कडीला लाल ओढणी बांधते मी. ओढणी असली तर आत यायचं नाही, ओढणी नसली आणि दार लोटलेलं असलं तर टकटक करून यायचं. तिसरीतल्या पोरीला हे एका दिवसात कळलं, नवऱ्याला जरा वेळ लागला.

मग "अर्जंट" म्हणजे काय तेही ठरवा. पडणं, लागणं, श्वास, ताप, शाळेचा फोन, गॅसचा वास: ताबडतोब हाक मारायची, मीटिंग गेली खड्ड्यात. बाकी सगळं एक वाजेपर्यंत थांबतं.

आता बेल. तुमच्या वहीत सगळ्यात जास्त वेळा बेलच लिहिलेली असणार, तर ती एकेक करून कमी करा:
- कुरिअर आणि ऑनलाइन पार्सल गेटवर ठेवायला सांगा, संध्याकाळी खाली गेलात की घेऊन यायचं.
- दूध आणि पेपरला दाराला पिशवी, बेल नको हे स्पष्ट सांगा.
- इस्त्रीवाल्याला आणि भाजीवाल्याला ठरलेली वेळ द्या, देतात ते वेळ, आपण कधी मागतच नाही.
- मावशींची वेळ शक्यतो तुमची पहिली मीटिंग सुरू व्हायच्या आधी, आणि तुमच्या खोलीचा केर-फरशी सगळ्यात पहिले.
- गॅस सिलेंडर: डिलिव्हरीला कोड सांगावा लागतो आणि तो रजिस्टर केलेल्या मोबाइलवर येतो. तो नंबर तुमचा असेल तर सिलेंडरवाला दारात, तुम्ही क्लायंटसमोर म्यूटवर, आणि आई बाहेरून "कोड सांग गं कोड" असं होणारच. गॅस एजन्सीकडे नंबर बदलून घ्या, दुपारी ज्याच्या हातात फोन असतो त्याचा द्या.

शेवटच्या मुद्द्यात एक मोठी गोष्ट लपलीय. लाइट बिल, शाळेचा ग्रुप, सोसायटीचं गेट अॅप, सगळीकडे एकाच बाईचा नंबर दिलेला असतो आणि मग सगळे ओटीपी आणि सगळी अप्रूव्हल तिच्याच कामाच्या वेळात येतात. एका शनिवारी बसून निम्मे नंबर बदलून टाका. कटकटीचं काम आहे, पण एकदाच करायचं.

४. वाचलेला प्रवासाचा वेळ गेला कुठे ते शोधा

कागदावर रोजचे दोन-अडीच तास वाचलेत. मग दिसत का नाहीत? बायकांच्या बाबतीत उत्तर बहुतेकदा एकच असतं, ते स्वयंपाकघरात गेले. ऑफिसला जायची तेव्हा सकाळी पोळी-भाजीचा डबा व्हायचा, आता घरी आहे म्हणून गरम पोळ्या, घरी आहे म्हणून दुपारचा चहा, घरी आहे म्हणून पोरीचा अभ्यास. आणि पुरुषांच्या बाबतीत बहुतेकदा ते अजून एका मीटिंगमध्ये गेले.

म्हणून घरातल्या कामांची यादी नावासकट लिहा. भांडी लावणं, कपडे वाळत घालणं, पाण्याचे फिल्टर, डास यायच्या आधी खिडक्या लावणं, असली बारीकसारीक पण, कारण भांडण नेहमी बारीक कामांवरूनच होतं. सकाळी डबा भरायची पद्धत घरून काम करतानाही चालू ठेवा असं माझं ठाम म्हणणं आहे. सगळ्यांचे डबे एकदाच भरून ओट्यावर, ज्याला जेव्हा भूक लागेल तेव्हा त्याने उघडायचा. गरम पोळी रात्री.

५. कॅलेंडर तुम्ही भरा, नाहीतर दुसरे भरतात

रिकामं कॅलेंडर म्हणजे मीटिंग टाकायला आमंत्रण. जेवणाचा पाऊण तास रिकरिंग ब्लॉक करा. डोकं लावून करायच्या कामाला सकाळचा दीड-दोन तासाचा ब्लॉक, क्लायंट झोपलेला असतो तोच आपला खरा वेळ. आउटलुकमध्ये आणि गूगल कॅलेंडरमध्ये मीटिंग आपोआप पाच-दहा मिनिटं आधी संपवायचं सेटिंग आहे ते चालू करा, आणि कामाचे तास पण भरून ठेवा म्हणजे समोरच्याला वेळेबाहेर मीटिंग टाकताना निदान दिसतं तरी.

टीम्सच्या पिवळ्या ठिपक्याची भीती हे एक वेगळंच प्रकरण आहे. पाच मिनिटं माउस हलला नाही की नावाजवळचा ठिपका पिवळा होतो, म्हणजे आपण जागेवर नाही असं सगळ्यांना दिसतं, आणि लोक बाथरूमला फोन घेऊन जातात. ऑफिसमध्ये आपण कँटीनला वीस मिनिटं चहा प्यायचो तेव्हा कोण ठिपका बघत होतं? स्टेटसला सरळ लिहा "जेवायला, दोनला परत", आणि मराठी टीम असेल तर मराठीतच लिहा.

६. अमेरिकन क्लायंट असेल तर दिवसाचे दोन तुकडे करा

इथे नेहमीचे सल्ले चालत नाहीत. "सहाला लॅपटॉप बंद करा" म्हणणाऱ्याला माहीत नसतं की न्यूयॉर्कचे सकाळचे नऊ म्हणजे आपले उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात. कॅलिफोर्नियाचे सकाळचे नऊ तर आपले रात्रीचे साडेनऊ, हिवाळ्यात साडेदहा. मार्चच्या दुसऱ्या रविवारी आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी त्यांची घड्याळं बदलतात, त्या दोन तारखा घरच्या कॅलेंडरवर, हो, त्या कालनिर्णयवरच, गोल करून ठेवा, कारण दुसऱ्या दिवसापासून तुमच्या घराची जेवणाची वेळ सरकणार असते. युकेवाल्यांचं ऑक्टोबर आणि मार्चच्या शेवटच्या रविवारी होतं.

रात्री नऊ-दहापर्यंत कॉल असेल तर दुपारी दोन ते साडेचार हे तास तुमचे आहेत, कॅलेंडरवर ब्लॉक करून, अपराधी न वाटता. झोपा, बँकेत जा, पोरीला बसस्टॉपवरून आणा. सकाळी नऊपासून रात्री दहापर्यंत सलग "अव्हेलेबल" राहणं म्हणजे दोन शिफ्ट एका पगारात. कॉलचे दिवसही बांधून घ्या. आठवड्यातले तीन दिवस रात्रीचा कॉल आणि दोन दिवस नाही असं मागितलं तर बरेच क्लायंट हो म्हणतात, त्यांनाही रोज मीटिंग नकोच असते. आणि तुमच्या कंपनीच्या पॉलिसीत शिफ्ट अलाउन्स, ऑन-कॉलचे पैसे, कॉम्प ऑफ (जादा कामाच्या बदल्यात सुट्टी) काय आहे ते एकदा वाचा. इंटरनेटच्या बिलाचे पैसे पण मिळतात काही ठिकाणी, आपण क्लेमच करत नाही.

७. ऑफिस सुटलं पाहिजे

सगळ्यात अवघड पायरी हीच. दिवस संपताना पंधरा मिनिटं बाजूला काढा आणि रोज त्याच क्रमाने करा. उद्याची पहिली तीन कामं वहीत लिहा (हे लिहिलं नाही तर रात्री भाजी फोडणीला टाकताना आठवतात). ज्याचं काम तुमच्यामुळे अडलंय त्याला एक ओळ लिहा. स्टेटस बदला. लॅपटॉप शट डाउन, नुसता झाकायचा नाही, आणि मग तो ऑफिसच्या बॅगेत घालून बॅग कपाटात. टेबलावर उघडा लॅपटॉप असला की जाता-येता "एक मेल बघते" होतंच, बॅगेतून काढून चालू करायचा म्हटलं की दहातल्या नऊ वेळा आळस आपलं भलं करतो.

त्यानंतर कपडे बदला आणि घराबाहेर पडा. खाली जाऊन पार्सल घ्या, भाजी आणा, सोसायटीला दोन चकरा मारा, काहीही, पण चप्पल पायात घालून दाराबाहेर जाऊन परत या. शक्य असेल तर दिवेलागणीची वेळ पकडा, आपल्याकडे घरात तेव्हा तसाही दिवा लागतो, पोरं खेळून येतात. रात्रीचा कॉल असेल तरी सात ते साडेआठ ही मधली सुट्टी तशीच पाळायची, कॉल संपल्यावर पुन्हा बॅग आणि कपाट.

८. फोनचं काय करायचं

लॅपटॉप बंद केला तरी ऑफिस फोनमधून येतंच. अँड्रॉइडमध्ये वर्क प्रोफाइल असेल तर एका बटणावर सगळी कामाची अॅप झोपवता येतात, आयफोनमध्ये फोकस मोडला वेळ लावून ठेवता येते. व्हॉट्सअॅपवरचे ऑफिसचे ग्रुप म्यूट करून अर्काइव्हमध्ये टाका, नवीन मेसेज आला तरी वर येत नाहीत. टीमला एकदाच सांगून ठेवा की खरंच सिस्टिम पडली तर फोन करा, मेसेज नको. फोन करायला माणूस दहा वेळा विचार करतो, मेसेज टाकायला एकदाही नाही. आणि आपणही रात्री कोणाला मेसेज टाकायचा नाही, सुचलंच तर शेड्यूल सेंड लावून सकाळी नऊला पाठवा. टीम लीड असाल तर हे जास्तच पाळा, तुमचा "नो रश" लिहिलेला रात्रीचा मेल ज्युनिअर पोरं लगेच उघडून बसतात.

९. मॅनेजरशी कसं बोलायचं

कायद्याच्या भरवशावर राहू नका. फ्रान्सने २०१७ पासून, पोर्तुगालने २०२१ मध्ये आणि ऑस्ट्रेलियाने २०२४ मध्ये कामाच्या वेळेनंतर कर्मचाऱ्याला मोकळं सोडण्याबद्दल कायद्यात तरतूद केली. आपल्याकडे खासदार सुप्रिया सुळेंनी लोकसभेत २०१८ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये तसं खासगी विधेयक, म्हणजे सरकारने नाही तर खासदाराने स्वतः आणलेलं, मांडलं, पण खासगी विधेयकं मंजूर होणं आपल्याकडे फार दुर्मीळ. तेव्हा आपलं आपणच बोलायचं.

तक्रार घेऊन जाऊ नका, वही घेऊन जा. पहिल्या आठवड्याची ती वही इथे कामी येते. "सर, मला फार त्रास होतोय" म्हटलं तर समोरून "सगळ्यांनाच होतोय" येतं. त्याऐवजी असं बोला: "गेल्या आठवड्यात चार रात्री दहानंतर कॉल झाले, त्यातल्या तीन कॉलमध्ये माझं काम फक्त ऐकायचं होतं. त्या तीनचे मी सकाळी रेकॉर्डिंग बघून पॉइंट पाठवते, आणि ज्यात माझी गरज आहे त्याला नक्की येते. दोन आठवडे करून बघूया का?" दोन आठवडे म्हटलं की नाही म्हणणं अवघड जातं. काही मॅनेजर तरीही ऐकत नाहीत, मग तो प्रश्न टाइम मॅनेजमेंटचा राहत नाही, बायोडेटा अपडेट करण्याचा होतो.

१०. शरीर, माणसं आणि पोरं

डोळ्यांचं सोपं आहे, दर वीस मिनिटांनी वीस फुटांवरचं काहीतरी वीस सेकंद बघायचं, समोरच्या बिल्डिंगची गॅलरी चालते. ऐकायचेच असतात ते कॉल उभं राहून किंवा घरात फेऱ्या मारत घ्या. माणसांचं मात्र मुद्दाम करावं लागतं. ऑफिसमधल्या चहाच्या टपरीवरच्या गप्पा हे कामच नव्हतं पण त्यावर बरंच काम आणि बरंच मन चालायचं, तर आठवड्यातून एकदा कोणातरी कलीगला कामाशिवाय फोन करा, हायब्रिड असेल तर टीममधल्या चौघांनी ऑफिसला जायचा वार एकच ठरवा, एकट्याने जाऊन रिकाम्या फ्लोअरवर बसून झूमच करायचं असेल तर कशाला जायचं?

पोरांच्या मे महिन्याच्या सुट्टीचं प्लॅनिंग एप्रिलमध्ये करायचं. आजोळ, सकाळची शिबिरं, आणि शेजारच्या दोन घरांशी अदलाबदल: सोमवारी सगळी पोरं तुमच्याकडे, मंगळवारी त्यांच्याकडे. ज्या दिवशी सगळी तुमच्याकडे त्या दिवशी हाफ डे टाका, कारण पाच पोरं आणि स्प्रिंट रिव्ह्यू (टीमने केलेलं काम दाखवायची मीटिंग) एका घरात होत नाही.

तीच गोष्ट गणपतीची. "घरूनच काम आहे, गावाला जाऊन करेन" असं ठरवून लोक कोकणात जातात, मग माळ्यावर उभं राहून रेंज शोधतात आणि खाली आरती चालू असते. आधी बघा की कंपनी दुसऱ्या ठिकाणाहून लॉगिन करू देते का, गावात कुठल्या सिमला रेंज आहे ते शेजारच्या पोरांना विचारा, आणि प्रतिष्ठापना, गौरीजेवण, विसर्जन या दिवसांची सरळ रजा टाका, तीही जुलैतच, कारण नंतर टीममधले सगळेच मागतात आणि मग चिठ्ठ्या टाकायची वेळ येते.